अवशेष – एक तास, फोटोंसकट

माझा भाचा अटलांटाला असतो. नाताळच्या सुट्टीत तो, त्याची बायको, दोन मुलं आणि इथून गेलेले तिचे आईवडील अशी सहा जणांची वरात मेक्सिकोत कानकूनला जाणार आहे. त्यातला एक दिवस "मायन रुइन्स आणि बीच" यासाठी राखून ठेवलाय. त्या दिवसाचा तक्ता त्याने घरच्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "आत्या, तू जाऊन आली आहेस, जरा बघून सांग." एकतीस वर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला "बघून सांग" म्हणायचं म्हणजे हातात तांबडी शाई देण्यासारखंच आहे. तर मंडळी, तक्ता असा:

सकाळी ६.३० – हॉटेलातून निघणे.
८.३० – तुलुम. अवशेष – एक तास, फोटोंसकट.
१०.०० – सेनोते. पोहणे.
१२.३० – जेवण.
२.०० – कोबा. पिरॅमिड.
४.३० – परत तुलुम. खरेदी.
५.३० – बीच. समुद्रावर सूर्यास्त.
८.३० – कानकून.

भाचा माझा लाडका आहे, हुशार आहे, सासूसासऱ्यांना हौसेने फिरवतो आहे. त्याच्यावर माझा राग नाही. हा तक्ता त्याच्या एकट्याचा नाहीच. तो आपल्या सगळ्यांचा आहे. रोपवेने रायगडावर जायचं, जगदीश्वर, समाधी, होळीचा माळ, चार फोटो, आणि दुपारी हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर मासे, हा तक्ता याच जातीचा. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

आधी शेवटची चूक घेते, कारण ती सर्वांत बोलकी आहे. समुद्रावर सूर्यास्त! अरे बाबा, तुलुमला समुद्र पूर्वेला आहे. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो आणि मावळतो तो मागच्या जंगलात. तू रत्नागिरीचा, तुझ्या डोक्यात समुद्र म्हटला की पश्चिम आणि संध्याकाळ. तुलुमचं जुनं नाव "झामा" असं सांगतात, आणि त्याचा अर्थ पहाट असा लावतात. ज्या गावाची ओळखच सूर्योदयाशी जोडलेली, तिथे आपण सूर्यास्त बघायला साडेपाचला पोचणार. नकाशा एकदा उघडला असता तर कळलं असतं, पण तक्ता करताना नकाशाची गरजच पडली नाही. कारण तक्त्यात तुलुम ही जागा नाहीच, ती एक चौकट आहे, बरोबरची खूण करण्यासाठी.

आता अंतरं बघा. कानकून ते तुलुम सुमारे १३० किलोमीटर. रस्ता चांगला असला तरी नाताळच्या गर्दीत दोन तास धराच. तुलुमहून कोबा आत जंगलाच्या बाजूला आणखी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. म्हणजे या बारा-चौदा तासांच्या दिवसातले सहाएक तास गाडीत. सत्तरीच्या माणसांनी आणि नऊ वर्षांच्या मुलाने. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या अवशेषांना एक तास. त्यातही फोटो!

त्या एका तासात काय बघायचं असतं, तेही सांगते.

तुलुम म्हणजे कुंपण, तटबंदी. हे नाव नंतरचं, पण चपखल आहे. आपल्या विजयदुर्गाला आज तीन बाजूंनी पाणी. तुलुमला उलटं, तीन बाजूंनी दगडी तट आणि चौथ्या बाजूला समुद्र. बारा मीटर उंचीच्या कड्यावर गाव वसलेलं. तटाची उंची तीन ते पाच मीटर, आणि रुंदी काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. त्याला पाच अरुंद दरवाजे आहेत. आपण ज्या दरवाजातून वाकून आत जातो तो दरवाजाच मुलांना दहा मिनिटं दाखवावा असा आहे. एवढा जाड तट कुणी आणि कुणाच्या भीतीने बांधला असेल, हे त्यांनाच विचारावं.

तेराव्या ते पंधराव्या शतकात हे गाव भरात होतं. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून बहमनी काळापर्यंतचा काळ. हे मुद्दाम सांगते, कारण "मायन" म्हटलं की लोक थेट दोन-तीन हजार वर्षं मागे जातात. तुलुम तेवढं जुनं नाही. ते व्यापारी बंदर होतं. ग्वाटेमालातल्या डोंगरातून ऑब्सिडियन, म्हणजे ज्याच्या धारदार सुऱ्या होत तो ज्वालामुखीचा काचेसारखा दगड, नदीने आणि मग होड्यांनी इथे येई. मीठ, कापड अशा वस्तू दुसरीकडे जात. समोर समुद्रात प्रवाळाची लांब भिंत आहे आणि तिच्यात होड्या आत यायला एक खिंड. मुख्य मंदिर त्या खिंडीकडे पाठ करून कड्यावर उभं आहे. स्पॅनिश लोकांनी त्याला "कास्तियो" म्हणजे किल्ला म्हटलं, पण ते मंदिर आहे. दुसऱ्या एका देवळाच्या दारावर एक देव डोकं खाली आणि पाय वर असा उतरताना कोरलेला आहे. तो नेमका कोण यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या नातवाला तो सूर मारणारा देव वाटला, आणि मला त्यात खोडण्यासारखं काही सापडलं नाही.

उत्तरेच्या बाजूला, तटाच्या आतच, एका लहानशा सेनोतेवर बांधलेलं घर आहे. सेनोते हा मूळ माया भाषेतलाच शब्द, स्पॅनिशच्या तोंडी घोळलेला. युकातानचा सगळा प्रदेश चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरतं, वर नद्या जवळजवळ नाहीतच. खाली पोकळ्या होतात, वरचं छत कोसळतं आणि आत पाणी दिसायला लागतं, ते सेनोते. शतकानुशतकं माणसं या पाण्यावर जगली. तक्त्यात सेनोतेपुढे फक्त "पोहणे" लिहिलंय. पोहा की, पण हा कुणाचा तरी पाणवठा होता एवढं माहीत असू दे.

बरं, १५१८ साली हुआन दे ग्रिहाल्वाची स्पॅनिश जहाजं या किनाऱ्याने गेली. बरोबरच्या धर्मगुरूने लिहून ठेवलं की किनाऱ्यावर सेव्हिलएवढं मोठं गाव दिसलं. ते तुलुमच असावं असं बरेच जण मानतात. त्यानंतर आले ते रोग. देवीसारखे रोग, ज्यांची त्या लोकांना कधी गाठच पडली नव्हती. साठ-सत्तर वर्षांत गाव ओस पडलं.

गाव ओस पडलं हं, माणसं नाहीत! आता मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येते.

मी २०२४ च्या फेब्रुवारीत धाकट्या मुलाबरोबर, ह्यूस्टनहून गेले होते. आम्ही एका सहल कंपनीच्या गाडीतून गेलो. गाडीत इंग्रजीतून ध्वनिफीत लावली होती. संगीत वगैरे, आणि मग एक भारदस्त आवाज म्हणाला की माया लोक रहस्यमयरीत्या नाहीसे झाले. नातू नऊ वर्षांचा. त्याने विचारलं, "आजी, मग ते गेले कुठे?" गाडी तेव्हा पेट्रोलसाठी थांबली होती. आमचा चालक खाली उतरून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. स्पॅनिश नव्हतं ते. मध्येच श्वास अडवून सोडल्यासारखे उच्चार. मुलाने त्याला विचारलं तर म्हणाला, आईशी बोलत होतो, माया भाषेत. घरी तीच बोलतो.

मी नातवाला म्हटलं, "हे बघ, इथे गेले."

२०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत ही युकातेक माया भाषा बोलणारे पावणेआठ लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले. ग्वाटेमालात याच कुळातल्या इतर भाषा बोलणारे आणखी कितीतरी. हॉटेलात तुमची चादर बदलणारी बाई, स्वयंपाकघरात तुमच्यासाठी तोर्तिया भाजणारी, सेनोतेवर तुम्हाला जीवरक्षक जाकीट देणारा मुलगा, यातलं कुणीही माया असू शकतं. आणि आपण त्यांच्याच हातचं जेवून, त्यांच्या पूर्वजांच्या दारात उभं राहून, आपल्या पोरांना सांगतो की ते नाहीसे झाले!

नाहीसे व्हायला त्यांनी साफ नकार दिलेला आहे, तोही अगदी परवापरवापर्यंत. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांची पुस्तकं जाळली. हरणाच्या नव्हे, झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या पोथ्या होत्या त्या. आज जगात त्यातल्या जेमतेम चार उरल्या आहेत. आपल्याकडे शून्याचा विषय निघाला की छाती फुगते, फुगावीच. पण या लोकांकडेही स्वतंत्रपणे शोधलेलं शून्य होतं. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह. वीस-वीसच्या पटीत मोजत. नऊ वर्षांच्या मुलाला हे अर्ध्या तासात येतं. माझ्या नातवाने त्या रात्री हॉटेलच्या कागदावर घरातल्या सगळ्यांची वयं माया अंकांत लिहिली.

पुढे १८४७ मध्ये युकातानच्या माया लोकांनी बंड केलं. ते युद्ध १९०१ पर्यंत धुमसत राहिलं. आपलं सत्तावन दोन वर्षांत संपलं, हे पन्नासच्या वर चाललं. त्यांच्यात एक पंथ होता, "बोलणाऱ्या क्रुसा"चा. आणि ज्या तुलुमला आपण एक तास देणार आहोत, ते १८७० च्या आसपास या पंथाचं मोठं ठाणं होतं. तिथे एक बाई प्रमुख होती, मारिया उइकाब. तिला तुलुमची राणी म्हणत. म्हणजे "हरवलेल्या संस्कृती"चं हे ओसाड ठिकाण दीडशे वर्षांपूर्वी चक्क जागतं होतं, आणि एका बाईच्या शब्दावर माणसं तिथे जमत होती. ३ मे २०२१ रोजी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी, लोपेझ ओब्रादोर यांनी, त्या युद्धातल्या आणि त्याआधीच्या अत्याचारांबद्दल माया लोकांची जाहीर माफी मागितली. नाहीशा झालेल्यांची कुणी माफी मागतं का हो?

मला हे एवढं का लागलं? सांगते. माझी ह्यूस्टनची नातवंडं मराठी समजतात, पण बोलत नाहीत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देतात. आम्ही सगळ्यांनी ते स्वीकारलंय, त्यावर घरात भांडण नको म्हणून. पण ज्या मुलाला आपण शिकवतो की दगड उरले म्हणजे माणसं संपली, तो उद्या रायगडावर उभा राहून आपल्या मुलांना काय सांगेल? इथे पूर्वी मराठे नावाचे लोक राहत, त्यांची एक भाषा होती, ते रहस्यमयरीत्या नाहीसे झाले! आणि मागे कुणीतरी लिंबू-सरबत विकणारी बाई मराठीत हाक मारत असेल. ती कुणाला ऐकू येणार नाही. सवयच नसेल ना कानाला!

मंडळी, यावर जी उत्तरं येतात ती मला पाठ आहेत.

"आत्या, सुट्टी आहे ती, शाळा नाही." मान्य. मी कुणाला धडा पाठ करायला सांगत नाही. पण मग अवशेष नकोतच. सरळ किनाऱ्यावर जा, दिवसभर लोळा, शहाळं प्या. त्यात काही कमीपणा नाही. मला स्वतःला ते पाणी फार आवडलं, गुडघाभर पाण्यात तासभर उभी होते. माझं म्हणणं एवढंच की जिथे जायचं तिथे जा. संस्कृतीचा टिळा लावून घेण्यापुरतं जाऊ नका.

"मुलं दगडांना कंटाळतात." मुलं दगडांना नाही कंटाळत, आपल्या घाईला कंटाळतात. "इकडे बघ, हस, चल." याला कोण नाही कंटाळणार? तुलुमच्या भिंतींवर इग्वाना पसरलेले असतात, घोरपडीचे भाईबंदच जणू. एका इग्वानाजवळ मुलाला हवा तेवढा वेळ उभं राहू द्या. तो भिंतही बघतोच.

"पुन्हा कधी येणार? एकदाच सगळं बघून घ्यावं." हे सगळ्यांत फसवं. सगळं बघायचं म्हणून निघालेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला तुलुम कुठलं आणि कोबा कुठलं हे फोटोच्या तारखेवरून शोधावं लागतं. पुन्हा यायचं नाही म्हणूनच एक ठिकाण धड बघावं.

"चिचेन इत्सा राहिलं तर लोक काय म्हणतील?" हाही प्रश्न आलाच, भाचेसुनेकडून. लोकांचं जाऊ दे. ते तुलुमहून दीडशेएक किलोमीटरवर आहे, आणि तिकडचं घड्याळही तुमच्यापेक्षा एक तास मागे. कानकून-तुलुमच्या राज्याने, किंताना रोने, २०१५ पासून वेगळी वेळ धरली आहे. त्यासाठी स्वतंत्र दिवस हवा. नसेल दिवस, तर राहू दे.

तर मी तांबड्या शाईने तक्ता असा केला आहे.

कोबा काटलं. खरेदी काटली. शक्य असेल तर आदल्या रात्री तुलुम गावातच राहा, म्हणजे पहाटे किनाऱ्यावर जाऊन सूर्य समुद्रातून येताना बघता येईल. कोकणातल्या माणसाला ते नवलच आहे. ते जमत नसेल तर कानकूनहून साडेपाचला निघा. अवशेषांची दारं आठला उघडतात. तेव्हाच आत शिरा, ऊन चढायच्या आणि मोठ्या बसगाड्या यायच्या आत. आत सावली फार थोडी, तेव्हा सासूसासऱ्यांना टोप्या, पाण्याच्या बाटल्या, आणि चालायची तयारी. वाहनतळापासून बरंच चालणं आहे. २०२२ साली त्या भागाला "हग्वार" राष्ट्रीय उद्यान जाहीर केल्यापासून प्रवेशाची वाट आणि तिकिटं बदलत आली आहेत. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं, उद्यानाचं वेगळं. निघायच्या आठवड्यात ताजी चौकशी कर, जुन्या वर्णनांवर विसंबू नकोस. रविवार टाळ. त्या दिवशी मेक्सिकोच्या लोकांना अवशेष मोफत असतात, गर्दी होते. त्यांचा तो हक्कच आहे, आपण वाटेत कशाला?

वाटाड्या तिथलाच माया माणूस घे, आणि त्याला दोन तास दे. चार पैसे जास्त पडतील, ते कंपनीला जाण्याऐवजी त्याच्या घरी जातील. त्याला अवशेषांबद्दल विचारच, पण त्याचं गाव, त्याची आई, तिची मुलं कुठल्या भाषेत भांडतात, हेही विचार.

मग अकराच्या सुमारास किनारा. त्याच उद्यानात, जवळच. कड्याखालचा छोटा किनारा कधी उघडा असतो, कधी बंद, त्यावर अवलंबून राहू नका. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्या समुद्रात सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगाने वाहून येतं. डिसेंबरात सहसा त्रास कमी. प्रवाळाला अपाय करणारं उन्हाचं मलम लावू नका, अंगभर कपडा बरा. आणि पाण्यात उभं राहून मागे वळून बघा. कड्यावरचं ते मंदिर होडीतून येणाऱ्या माणसाला कसं दिसत असेल ते तिथून कळतं. अवशेष आणि किनारा या दोन गोष्टी नाहीतच. हे गाव बंदर होतं, त्याचा चौथा तट म्हणजे हा समुद्र. एका दिवसात दोन्ही बघायचं ते यासाठी.

सेनोते हवंच असेल तर तीननंतर एखादं जवळचं, आणि अंधारायच्या आत परतीला लागा.

एक फळाची गोष्टही मुलांना सांग. आपण डहाणू-घोलवडचा म्हणून जो चिकू खातो, तो मूळचा याच प्रदेशातला. त्याच्या चिकापासून माया लोक चघळायचा डिंक करत, आणि त्याच्या टणक लाकडाच्या तुळया त्यांच्या देवळांच्या दारांवर असत. "चिकू" हा शब्दही तिकडूनच फिरत फिरत आपल्याकडे आला. नाहीसे झालेले लोक आपल्या फळांच्या टोपलीत बसलेत!

आणि शेवटचं. माया भाषेत भेटल्यावर विचारतात, "बिश आ बेल?" म्हणजे कसं चाललंय. शब्दशः, तुझी वाट कशी आहे? मुलांना विमानात हे एवढं पाठ करून घे. तिथे गेल्यावर निदान एका माणसाला त्यांनी ते विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. तक्त्यात यासाठी वेगळी चौकट करायची गरज नाही.